दगड्याची फांदी

"चोथे, फांदी काढा," मी भिंतीवरून म्हणालो.

पलीकडे धोंडीराम चोथे स्वतःच्या बाथरूमच्या छपरावर उकिडवा बसून लोखंडी पिंपांना डांबर फासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कुठली फांदी?"

"तुमच्या आंब्याची. माझ्या अंगणात आलीय ती. पानं पडतात, चिकटा गळतो, मुंग्या घरात येतात. पावसाआधी काढा."

आता त्यानं बघितलं. हातातल्या कुंच्यावरून डांबराचा लोळ सुटला आणि त्याच्याच लेंग्यावर पडला. त्याचं लक्ष नव्हतं.

"मी सगळं झाडच काढणार आहे," तो म्हणाला. "करवतीला धार लावून ठेवलीय."

"झाडाचं तुमचं तुम्ही बघा. मला ह्या आठवड्यात फांदी गेलेली पाहिजे. नाहीतर कमिटीत विषय घेतो."

चोथेनं कुंचा डब्यात ठेवला, हात लेंग्याला पुसला, म्हणजे लेंग्याचं उरलंसुरलं काम तमाम केलं, आणि शांतपणे म्हणाला, "कमिटीत घ्या. आता बघतोच, ह्या झाडाचं पान कोण तोडतंय ते."

मी स्टुलावरून उतरलो, आत गेलो. गिरिजा भाकरी थापत होती. तिला म्हणालो, "झालं. हा पावसाळा झाड वाचलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "नक्की?"

"अगं, मी पूर्वेला बघ म्हटलं तर तो माणूस आयुष्यभर पश्चिमेला तोंड करून जेवेल."

खोटं वाटत असेल तर गडहिंग्लजला आमच्या कॉलनीत येऊन कुणालाही विचारा. रस्त्याची गटारं पक्की करायची म्हणून मी सभेत हात वर केला, तर ह्यानं स्वतःच्या दारापुढचं गटार होऊ दिलं नाही. त्या वर्षी पावसाचं पाणी त्याच्या पडवीत शिरलं. चोथे खुर्चीवर बसून, घोट्यापर्यंत पाण्यात पाय सोडून पेपर वाचायचा. एकदा एक बेडूक त्याच्या गुडघ्यावर येऊन बसला, तर ह्यानं पान उलटायच्या आधी बेडकाचं वाचून व्हायची वाट बघितली. रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगायचा, पायाला गार बरं वाटतं.

आमचं बिनसलं ते एका पान्ह्यावरून. मी एसटीच्या डेपोत हेडमेकॅनिक होतो, तो साखर कारखान्यात फिटर. दोघांनी निवृत्त झाल्यावर शेजारी शेजारी घरं बांधली आणि दोघांचीही खोड एकच, घरात गवंडी, सुतार, प्लंबर म्हणून कुणाला शिरू द्यायचं नाही. दार बसवायचं आपण, नळ जोडायचा आपण, फरशी घासायची आपण. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी त्यानं माझा पाईपचा पान्हा मागून नेला. संध्याकाळी परत आणून दिला आणि म्हणाला, "दात गेले होते ह्याचे. कानस मारून दिलीय." डेपोतल्या निम्म्या गाड्या ज्या पान्ह्यानं मी उभ्या केल्या, त्याचे दात ह्यानं मला न विचारता घासले. मी तो पान्हा त्याच्या देखत भंगारात टाकला. तिथून पुढं आम्ही जे जे घरात केलं ते अर्धं स्वतःसाठी आणि अर्धं एकमेकांसाठी. मी पक्षी हाकलायला टिनाचा खडखडा केला, त्याचं तोंड त्याच्या झोपायच्या खिडकीकडं. त्यानं पत्रा चकचकीत घासून असा टांगला की दुपारचं ऊन बरोबर आमच्या स्वयंपाकघरात. गिरिजा काही दिवस डोक्यावर टोपी घालून आमटी करत होती.

पण झाडाची गोष्ट वेगळी होती. ते झाड गिरिजाच्या वडलांचं.

आमची सगळी कॉलनी म्हणजे माझ्या सासऱ्यांचा माळ. ते गेल्यावर मेव्हण्यानं, शिवलिंगानं, प्लॉट पाडले. बहिणीला म्हणून एक दिला. मोजणीवाल्यानं दोरी धरली ती आंब्याच्या बुंध्यापासून हातभर अलीकडून गेली. झाड शेजारच्या प्लॉटमध्ये पडलं. दोरी हातभर सरकवता आली असती. शिवलिंग म्हणाला, तो प्लॉट झाडामुळंच उठेल, सावली बघून गिऱ्हाईक आलंय. गिरिजा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काय होतं हे मला ठाऊक होतं, शिवलिंगाला नव्हतं. त्यानंतर भावाच्या घरी ती पाणीसुद्धा प्यायली नाही. गिऱ्हाईक म्हणजे अर्थातच चोथे.

झाडाचं नाव दगड्या. रायवळ आंबा, कोयीतून आपला आपण आलेला, त्यामुळं असा दुसरा जगात नाही. पिकला तर जनावरसुद्धा हुंगून पुढं जाईल. पण कच्चा असताना लोणच्याला त्याच्यासारखा नाही. फोड तीन पावसाळे खारात मुरली तरी दाताखाली वाजायची. आमच्या घरात चौघं एकदम जेवायला बसले की पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघायची, खडी फोडायला कोण आलंय. एका इन्स्पेक्टरची कवळी आमच्या बरणीत राहिलेली आहे. म्हणजे तो मागायला आला नाही, आम्हीही पाठवली नाही.

झाड चोथेचं झाल्यावर ते लोणचं बंद झालं. फांदी आमच्या अंगणात, कैऱ्या आमच्या अंगणात पडायच्या. गिरिजा एकेक उचलायची आणि भिंतीवरून पलीकडं टाकायची. एकही घरात आणली नाही. चोथेच्या पत्र्यावर धाड धाड वाजायचं. मी एकदा म्हणालो, एखादं डझन ठेवूया. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी स्वतःच दोन कैऱ्या उचलून पलीकडं फेकल्या.

मग चोथेनं हे उन्हाचं पाणी तापवायचं यंत्र काढलं. जुनी पिंपं, त्यावर डांबर, वर मोडक्या खिडक्यांच्या काचा, आतून पाईप बाथरूममध्ये. बांधणी सुरेख होती. हे मी कुठं बोललो नाही. फक्त एकच गोष्ट आडवी येत होती. दगड्या पिंपांच्या दक्षिणेला उभा, सकाळ उलटली की सावली बरोबर काचांवर. चोथेनं कॉलनीच्या कट्ट्यावर जाहीर केलं की पावसाआधी झाड आडवं करणार.

त्या दिवशी गिरिजा जेवली नाही. मागायचं का, असं मी विचारलं नव्हतं, तिनं न विचारताच सांगितलं, "त्याच्यापुढं तोंड वेंगाडायचं नाही."

"नाही वेंगाडत," मी म्हणालो. "भेट कलम बांधतो."

सासरे कलमं बांधायचे. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात त्यांनी मला समोर बसवून शिकवलं होतं. कोयीपासून वाढवलेलं रोप डब्यासकट झाडाच्या फांदीपाशी न्यायचं. दोघांची साल एकेका बाजूनं तासायची, जखमेवर जखम बसवायची, घट्ट बांधायचं आणि गप्प बसायचं. पावसाळाभर दोघं एकमेकांत मुरतात. मग जोडाखाली फांदी तोडायची, जोडावर रोपाचा शेंडा. खाली मूळ कुणाचंही असो, वर झाड दगड्याचं. हल्लीची पोरं नुसती काडी तोडून खुंटात खोचतात. मीही दोनदा खोचून बघितली, दोन्हीदा वाळली. माझा हात इंजिनाचा. नाजूक काम त्याला जमत नाही, पण एकदा बांधलेलं सुटत नाही.

अडचण एवढीच की फांदी पावसाळाभर झाडावर पाहिजे, आणि झाड पावसाआधी जाणार होतं. म्हणून मी स्टुलावर चढून फांदी काढा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गिरिजानं सरकी तेलाचे रिकामे डबे माझ्यापुढं आणून ठेवले. कोयीची रोपं तिच्याकडं मोरीमागं होतीच. मी फांदीखाली बांबूचा माच उभा केला, चोथेच्या भिंतीपेक्षा उंच, वरती एसटीच्या जुन्या सीटच्या चौकटी. हॅकसॉच्या पात्याला धार लावून चाकू केला. चोथे दुपारी झोपला की त्याच्या घोरण्याच्या आवाजावर वर चढायचो. घोरणं थांबलं की हात थांबवायचा. एकदा श्वास इतका अडकला त्याचा, की मीच वरून हळूच टाळी वाजवून सोडवला. मध्येच मेला तर घरच्यांनी झाड तोडलं असतं. साली तासल्या, रोपं फांदीला लावली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली, वर शेण आणि लाल माती. मग सगळं झाकायला दोडक्याचा वेल चढवला. पावसानं तो असा फोफावला की माच आहे का डोंगर, कळेना.

चोथेनं भिंतीपलीकडून विचारलं, हा टॉवर कशाचा.

"दोडक्याचा मांडव," मी म्हणालो.

"दोडक्याला एवढं उंच लागतं?"

"चांगल्या जातीच्या दोडक्याला लागतं."

आठवड्यात त्यानं माझ्याहून हातभर उंच मांडव त्याच्या बाजूला उभा केला आणि वर भोपळा सोडला. मला तेच पाहिजे होतं. त्याच्याकडून इकडं बघायला तेवढी आडोशाची भर.

दर रविवारी मी फांदीवरून ओरडायला जायचो. कमिटीत विषय घेतलाच. बेळगुद्री सर अध्यक्ष होते, हायस्कूलचे जुने हेडमास्तर. त्यांनी चोथेला समजावलं की दुसऱ्याच्या हद्दीत आलेली फांदी काढणं बरं. त्यावर चोथेनं झाडांवर असं भाषण केलं की ऐकणाऱ्यांना वाटावं, ह्या माणसानं करवत कधी बघितलीसुद्धा नाही. झाड म्हणजे लेकरू, म्हणाला. लेकराचा हात कापता का, म्हणाला. सर गहिवरले. मी पाय आपटत बाहेर पडलो आणि घरी येऊन गिरिजाला ते भाषण हातवारे करून दाखवलं. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "अजून किती दिवस धरून ठेवाल त्याला?"

"गौरी-गणपती जाऊ देत. मग कापला तरी चालतंय."

तो मात्र स्वतःच्या शब्दात अडकला होता. पिंपं सावलीत, पाऊस वरून. आंघोळीला कोमट पाणीसुद्धा येईना. पण कट्ट्यावर सांगायचा, चटका बसतो हो, दोन तांबे गार घालावं लागतं. आंघोळ झाली की ओल्या टॉवेलातच पडवीत येऊन फुंकर मारत उभा राहायचा, अंगातून वाफ निघते असं दिसावं म्हणून. कुडकुडायला लागला की आत. आणि आत गेला की त्याच्या मनात काय चालायचं ते मला दिसायचं. मी एक रविवार ओरडायला विसरलो असतो तर सोमवारी झाड पडलं असतं.

मी विसरलो नाही. दोडका विसरला.

गाड्यांचं मला कळतं. कुठला पट्टा किती चालतो, कुठला बेअरिंग कधी जाणार, आवाजावरून सांगीन. पण दोडक्याच्या वेलाचं आयुष्य किती असतं हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं. भाद्रपद लागला तसा वेल पिवळा पडला, वरून भुरी धरली, पलीकडचा भोपळा तर आधीच आडवा झाला होता, आणि एका पावसाच्या सरीत सगळी पानं गळून माचावर उघडे डबे दिसायला लागले. त्यावरचं कापसाचं बोंड, बैलाचं तोंड, तेलाचं नाव, सगळं वाचता येत होतं.

मी गोणपाट घेऊन बाहेर आलो तेव्हा उशीर झाला होता. चोथे त्याच्या पाईपच्या शिडीवर होता. काचेवरची पानं झाडायला चढला होता म्हणे. काखेत करवत होती. पानं झाडायला करवत कशाला, हे त्यानंही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो डब्यांकडं बघत होता. फांदीकडं बघत होता. ट्यूबच्या पट्टीकडं बघत होता. फिटर माणूस, जोड कळायला त्याला वेळ लागत नाही.

"हत्तरकी," तो म्हणाला, "तुमच्या दोडक्याला आंब्याची पानं आली की ओ."

मी गोणपाट खाली टाकलं. आता लपवून उपयोग नव्हता, पण हातात एक पत्ता होता.

"कापा की मग," मी म्हणालो. "अख्खा पावसाळा मी तेच तर सांगतोय."

तो शिडीच्या वरच्या पायरीवर बसला. माझ्यासारखंच त्यालाही दिसत होतं. फांदी कापली, तर कमिटीपुढं लेकराचा हात म्हणणारा चोथे हत्तरकीच्या ओरडण्यापुढं नमला, असं कॉलनी म्हणणार. नाही कापली, तर त्याच्या फांदीवर वाढलेली रोपं माझ्या अंगणात उतरणार आणि कॉलनी हसणार. एवढ्या सुबक पेचात मी आयुष्यात कुणाला धरलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा घेणार का असंही विचारणार होतो.

तेवढ्यात गिरिजा बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिनं वर बघितलं, डब्यांकडं बघितलं आणि फांदीच्या बरोबर खाली येऊन उभी राहिली.

चोथे तिच्याशीच बोलायला लागला. मी तिथं नसल्यासारखा.

"वहिनी, हे झाड तुमच्या वडलांचं आहे हे मला ठाऊक आहे."

मला ते नवीन होतं. आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"शिवलिंगानं खरेदीच्या दिवशीच सांगितलं," तो म्हणाला. "म्हणाला, बहिणीचा जीव आहे ह्या झाडावर, आंबे देत जावा. मी म्हटलं, देईन. पहिल्या वर्षी कैऱ्या लागल्या, मी पोती काढून ठेवली. म्हटलं, येतील फाटकातनं. तर कैऱ्या माझ्या पत्र्यावर. एकेक. डोक्यात मारल्यासारख्या. दरवर्षी. माझं काय चुकलं होतं?"

"माझ्या पान्ह्याचे दात घासले," मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा," दोघंही म्हणाले.

वरून एक पिकलं पान गिरिजाच्या खांद्यावर पडलं. तिनं ते झटकलं नाही.

"तुम्हाला पोती काढता आली," ती म्हणाली. "फाटक उघडता आलं नाही?"

"माझं झाड, मी का येऊ?"

"माझ्या बाचं झाड. मी का येऊ?"

चोथेनं करवत काखेतून हातात घेतली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मग आता मागा. एक शब्द बोला, भाऊजी, राहू द्या. एवढंच. करवत खाली टाकतो. फांदी राहू दे, डबे राहू देत, झाडसुद्धा राहू दे. मी गार पाण्यानं आंघोळ करीन. पण मागा."

मी गिरिजाकडं बघितलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी तिच्या जागी असतो तर मागितलं असतं. एक शब्द होता. समोर झाड होतं. चोथे खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडावर इतकं स्वच्छ मी पूर्वी काही बघितलं नव्हतं. मी तिला हळूच म्हणालो, "बोल की."

ती माझ्याशी बोलली नाही.

"बापाचं मागून घ्यायला मला कुणी शिकवलं नाही," ती वर बघून म्हणाली. "कापा."

"वहिनी, विचार करा."

"कापा म्हटलं ना."

चोथेचा जबडा हलला. ह्या माणसाला कुणी कर म्हटलं की तो करत नाही, हे मी त्याच्या हाडामासापर्यंत ओळखून होतो. मला वाटलं, आता उतरतो. पायरीवर त्याचा पाय चाचपडलासुद्धा. मग त्यानं करवत फांदीवर ठेवली आणि ओढली.

गिरिजा हलली नाही. भुसा तिच्या केसांवर, पिठाच्या हातावर पडत होता. मी तिला दंडाला धरून मागं ओढलं, तेव्हा कुठं ती हातभर सरकली. चोथे खाली न बघता कापत होता; चांगली धार लावलेली करवत, आवाज एकसारखा, मध्ये कुठं अडकली नाही. शेवटी लाकूड कडाडलं. फांदी माचावर पडली, माच तिरका झाला, डबे फांदीसकट अंगणात. एक डबा जोडलेल्या डहाळीसकट सुटला, लोळत जाऊन तुळशीच्या कट्ट्याला आपटला आणि उभाच राहिला.

चोथे शिडीवरून उतरला. भिंतीपलीकडून तो गेल्याचा आवाज आला, दार आपटल्याचा नाही.

गिरिजानं फांदीवर पाय ठेवला आणि मला म्हणाली, "चाकू आणा."

पडलेल्या फांदीवरूनच मी जोडाखाली कापून रोपं सोडवली. पंधरा-वीस दिवस आणखी मिळाले असते तर सगळी लागली असती. आम्ही ती मोरीमागं सावलीत ठेवली, वर ओलं गोणपाट. ती दिवसातून किती वेळा गोणपाट उचलून बघायची ते मला ठाऊक नाही, कारण मी गेलो की ती आधीच तिथं असायची. एकेकानं माना टाकल्या. पानं तपकिरी झाली, काड्या सुकल्या. तुळशीला आपटलेल्या डब्यातलं तेवढं राहिलं. दसऱ्याच्या आसपास त्याच्या शेंड्याला तांबूस कोंभ आला, जोडाच्या वर. मी बोटानं दाखवला. ती म्हणाली, "बघितलंय. सकाळीच."

कट्ट्यावर चोथे सांगत होता की त्यानं हत्तरकीची चोरी कापली. कुणाला काही कळलं नाही. सगळे म्हणाले, अखेर फांदी काढली म्हणायची. तो भडकून उठला आणि दिवाळी झाल्यावर त्यानं अख्खा दगड्या एकट्यानं पाडला. गिरिजा त्या दिवशी मागची दारं-खिडक्या लावून पुरण वाटत बसली होती. सण नव्हता. लाकूड पडलं तेव्हा जमीन हादरली, मांडणीवरची भांडी वाजली, तिचा वरवंटा थांबला नाही.

मग चोथेच्या पिंपांवर ऊन आलं. त्या थंडीत त्याची आंघोळ म्हणजे काय विचारता. बाथरूमच्या झरोक्यातून वाफेचा खांब निघायचा. तो आतून मोठमोठ्यानं आरत्या म्हणायचा, पाणी ओतायचा, पुन्हा म्हणायचा. एका पहाटे ती वाफ आमच्या अंगणात आली आणि मी वाळत घातलेली बंडी पुन्हा ओली झाली. पडवीत येऊन तो लालबुंद अंगानं उभा राहायचा आणि आमच्या घराकडं बघायचा.

पुढच्या आषाढात रोप लावायची वेळ आली. मी दक्षिणेच्या कोपऱ्यात खड्डा काढला. पाणी तिथं मुरतं, माती चांगली, भिंतीपासून लांब. शेणखत घातलं, सगळं बेतशीर. गिरिजा डबा कमरेवर घेऊन आली, खड्डा बघितला आणि पुढं गेली. अंगणभर हिंडली. कधी वर बघायची, कधी हात लांब करून भिंतीपलीकडं धरायची. मला वाटलं, वडलांच्या झाडाच्या जवळची जागा शोधते आहे. मी गहिवरलोसुद्धा.

उत्तरेच्या भिंतीपाशी येऊन ती थांबली.

"इथं."

मी जाऊन उभा राहिलो, वर बघितलं. पलीकडं काचा चमकत होत्या.

"अगं, इथं मोठं झालं की सावली सरळ त्याच्या पिंपांवर पडणार."

"थंडीत जास्त लांब पडेल," ती म्हणाली. "थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. मी वर्षभर बघितलंय."

मी तिच्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं मी खडखडे बांधले, पत्र्याला पत्र्यानं उत्तर दिलं, कमिटीत पाय आपटले, आणि स्वतःला त्या माणसाचा वैरी समजत होतो. मी मुकाट्यानं कुदळ उचलली.

आता ते झाड मोठं झालंय. दगड्याच आहे, चवीला, टणकपणाला, तसूभर फरक नाही. गिरिजा लोणचं घालते. वाटी कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाते, एक घर सोडून. ते घर वाऱ्यावर आलेला फोडणीचा वास घेतं. आणि मार्गशीर्ष लागला की सावली भिंत ओलांडते, चोथेच्या छपरावर चढते आणि त्याच्या काचांवर अंथरूण घालून बसते. चोथे कट्ट्यावर सांगतो, गार पाण्यानं रक्त चांगलं फिरतं. आरत्या बंद झाल्यात. झरोक्यातून कधीमधी नुसता एक दीर्घ "हूं" ऐकू येतो.

गेल्या पौषात एका सकाळी तो आमच्या फाटकापर्यंत आला. अंगावर शाल, नाक लाल, केस ओले. गिरिजा दारात उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. त्यानं कडीला हात लावला. कडी वाजली. मी पेपर खाली घेतला. त्यानं झाडाकडं बघितलं, गिरिजाकडं बघितलं, तोंड उघडलं. गिरिजानं हातातलं सूप मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडं सरळ बघत राहिली, वाट बघणाऱ्या माणसासारखी, अगदी आदबीनं.

चोथेनं तोंड मिटलं. कडी सोडली आणि गेला.

मी म्हणालो, "बिचारा आला होता मागायला."

तिनं सूप पुन्हा उचललं, एक खडा वेचून भिंतीपलीकडं टाकला.

"येईल," ती म्हणाली. "थंडी अजून वाढायची आहे."